एकच रिफ, ६३ मिनिटं

१९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातल्या ‘स्लीप’ या बँडने ‘डोपस्मोकर’ नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं एकच, पण लांबी ६३ मिनिटांहून थोडी जास्त. बँडमध्ये तेव्हा माणसं तीन. अल सिस्नेरोस बेस गिटार वाजवायचा आणि गायचा, मॅट पाइक गिटारवर होता आणि ख्रिस हेकियस ड्रम्सवर. लय अतिशय संथ आहे आणि वाद्यं नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच खाली लावलेली आहेत. गिटारवर वारंवार येणाऱ्या छोट्या, ठसठशीत स्वरवाक्याला रिफ म्हणतात. इथे मोजक्या रिफांच्या आधारावर तास उभा राहतो आणि त्यातही एका मूळ रिफचं राज्य चालतं. गायकाचा आवाज कानावर पडायलाच आठेक मिनिटं लागतात. शब्दांत वाळवंटातून पवित्र भूमीकडे निघालेल्या काफिल्याचं वर्णन आहे, आणि त्या काफिल्याचा धर्म गांजा हा आहे. हेवी मेटल आवडीने ऐकणाऱ्यांतही या गाण्यावरून सरळ दोन तट पडतात. एका तटाला ही या संगीतप्रकारातली शिखरावरची रचना वाटते. पाच मिनिटांत संपणारी कल्पना तासभर ताणली आहे, असं दुसरा तट म्हणतो. पहिल्यांदा ऐकणारा बहुधा दुसऱ्या तटात असतो, आणि पहिल्या तटातले बरेच लोक तिथूनच आलेले असतात. हा प्रवास नेमका कशामुळे होतो, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

दुसऱ्या तटाची बाजू हलकी समजू नये. संगीताच्या व्यवसायात मुरलेल्या लोकांनीही हे गाणं नाकारलं होतं. ‘होली माउंटन’ हा १९९२ सालचा अल्बम गाजल्यावर ‘लंडन रेकॉर्ड्स’ या मोठ्या कंपनीने स्लीपशी करार केला होता. त्या कराराच्या बदल्यात बँडने कंपनीच्या हाती तासाभराचं एकच गाणं ठेवलं. त्या काळच्या स्टुडिओतल्या टेपच्या एका रिळावर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त ध्वनी मावत नसे, त्यामुळे निर्माता बिली अँडरसनच्या देखरेखीखाली ते तुकड्यातुकड्यांत वाजवून मग जोडावं लागलं. कंपनीने ते प्रसिद्ध करायला नकार दिला. काटछाट करून, पुन्हा मिसळून पाहिलं, तरी कंपनीचं मन वळलं नाही. या ओढाताणीत बँड फुटला. १९९९ साली ‘जेरुसलेम’ या नावाने ५२ मिनिटांची आवृत्ती बाजारात आली. संपूर्ण ६३ मिनिटांचं ‘डोपस्मोकर’ प्रसिद्ध व्हायला २००३ साल उजाडलं. रेडिओवर वाजवता येत नाही, तुकडा काढून विकता येत नाही आणि पहिल्या भेटीत कानाला धरून ठेवत नाही, अशा गाण्याचं कंपनीने काय करावं, हा प्रश्न त्या वेळी अगदी वाजवी होता.

अशा गाण्याबद्दल चाहते सहसा एकच सल्ला देतात: ऐकत राहा, आवडेल. या सल्ल्याला मानसशास्त्रातला एक भक्कम आधार आहे. रॉबर्ट झायन्स या शास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांतून दाखवून दिलं की अर्थहीन शब्द, चिनी वळणाची चिन्हं किंवा अनोळखी चेहरे लोकांना वारंवार दाखवले, की त्यांबद्दलची पसंती वाढते. त्यासाठी काही शिकावं लागत नाही, बक्षीस द्यावं लागत नाही. केवळ परिचय पुरतो. संगीतालाही हे बऱ्याच अंशी लागू पडतं. सिनेमातलं एखादं गाणं चौकाचौकांत वाजून वाजून गळी उतरतं, ते याच वाटेने. पण या स्पष्टीकरणाने ‘डोपस्मोकर’चं कोडं सुटत नाही. केवळ परिचयाने पसंती वाढायची असती, तर पहिल्या वीस मिनिटांतच ती वाढायला हवी होती, कारण तेवढ्या वेळात मूळ रिफ कितीतरी वेळा कानावरून गेलेली असते. प्रत्यक्षात नव्या श्रोत्याची अस्वस्थता त्याच वीस मिनिटांत वाढत जाते.

ही अस्वस्थताही शास्त्राला ठाऊक आहे. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ च्या आपल्या ग्रंथात असं मांडलं की एखादी गोष्ट अगदी नवी किंवा गुंतागुंतीची असेल तर ती नकोशी वाटते, परिचयाने पसंती चढते, आणि परिचय अति झाला की ती पुन्हा उतरते. आलेख काढला तर टेकडीसारखा दिसेल. या हिशेबाने सोपी, तीच ती रिफ टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून वेगाने घसरायला हवी. आणखी एक पुरावा तर ‘ऐकत राहा’ या सल्ल्याच्या थेट विरोधात जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन चित्रकारांची चित्रं वारंवार दाखवली गेली. एक होता एकोणिसाव्या शतकातला नामवंत चित्रकार जॉन एव्हरेट मिले. दुसरा टॉमस किंकेड, ज्याची गोडगोड घरांची चित्रं अमेरिकेत प्रचंड खपली आणि समीक्षकांनी कायम नाकारली. किंकेडची चित्रं जितकी जास्त दिसली तितकी त्यांची पसंती घटली. परिचय सगळ्यांवर सारखा मेहरबान होत नाही. जिथे पाहण्यासारखं काही शिल्लक असतं तिथे तो ते पुढे आणतो. जिथे नसतं तिथली उणीव उघडी पाडतो. म्हणून ‘डोपस्मोकर’ आवडायला लागण्याचं श्रेय निव्वळ वेळेला देता येणार नाही. त्या वेळात श्रोत्याचं लक्ष जागा बदलतं. स्वरवाक्याकडून ते त्या स्वरवाक्याच्या आत शिरतं, आणि तिथे ऐकण्यासारखं बरंच काही असतं. माझा दावा एवढाच आहे, आणि तो तपासून पाहता येतो.

पुनरावृत्तीने ऐकणं बदलतं याचा सर्वांत स्वच्छ पुरावा डायना डॉइच या संशोधिकेने पुढे आणला. साध्या बोलण्यातला एक तुकडा जसाच्या तसा अनेकदा ऐकवला, की थोड्या वेळाने तो गायल्यासारखा ऐकू येऊ लागतो. ध्वनीत तसूभरही फरक केलेला नसतो. पहिल्यांदा ऐकताना मेंदू अर्थाच्या मागे असतो, म्हणून आवाजाची चढउतार त्याच्या नजरेतून सुटते. अर्थ हाती आला, पुढे काय येणार हे ठरून गेलं, की लक्ष मोकळं होतं आणि बोलण्यात मुळातच असलेले स्वर ऐकू येतात. एलिझाबेथ हेलमथ मार्ग्युलिस या अभ्यासिकेने पुनरावृत्तीचा हा गुण संगीतात तपासला. लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर या विसाव्या शतकातल्या रचनाकारांच्या संगीतात पुनरावृत्ती जवळपास नसतेच. तिने त्यांच्या रचनांचे तुकडे घेतले, संगणकावर त्यांत जागोजागी पुनरावृत्ती घुसवली आणि श्रोत्यांना ऐकवले. श्रोत्यांना बदललेले तुकडे अधिक आनंददायक, अधिक रंजक वाटले. त्याहून विलक्षण म्हणजे ते माणसाने रचलेले असण्याची शक्यताही त्यांना जास्त वाटली. पुनरावृत्ती ऐकणाऱ्याला खुणावते: हे मुद्दाम केलं आहे, इथे थांब, पुन्हा ऐक. जगातल्या बहुतेक संगीतपरंपरांत ती का सापडते, याचं एक उत्तर इथे मिळतं.

आता रिफच्या आत काय आहे ते पाहू. या आवाजाचा उगम इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी याची उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. दुखऱ्या बोटांना सोसाव्यात म्हणून त्याने हलक्या तारा वापरल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमपर्यंत गिटारच नेहमीच्या पट्टीच्या तीन अर्धस्वर खाली उतरवली. आवाज जड, गडद झाला. स्लीपने ती वाट आणखी पुढे नेली आणि वाद्यं चार अर्धस्वर खाली आणली. एरवी गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सुमारे ८२ हर्ट्झ असते. इथे ती सुमारे ६५ होते. या तारेवर षड्ज आणि वरच्या तारेवर त्याचा पंचम, म्हणजे सुमारे ९८ हर्ट्झ, असे दोन स्वर एकत्र छेडून व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमधून त्याच्या कुवतीपलीकडे जोराने सोडले, की ध्वनीची मोडतोड होते. या मोडतोडीत मूळ दोन स्वरांखेरीज नवे स्वर जन्म घेतात. त्यातला एक म्हणजे दोघांच्या कंपनसंख्येतला फरक, सुमारे ३३ हर्ट्झ. हा बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. तो कोणी छेडलेला नसतो, तरी खोलीत असतो, आणि बेस गिटारची सर्वांत जाड तारही तिथेच वाजत असते. वरच्या बाजूला उपस्वरांची दाट गर्दी होते आणि तार विझत जाताना त्या गर्दीतले काही स्वर आधी मावळतात, काही उशिरा. लय संथ असल्यामुळे प्रत्येक आघाताला असं उलगडायला पुरेसा अवधी मिळतो. हीच रिफ चौपट वेगाने वाजवली, तर यातलं काहीही ऐकू येणार नाही. संथपणा हा इथे आवाज उघडून दाखवण्याचा मार्ग आहे.

मराठी रसिकाला या ऐकण्याची सवय एका ठिकाणी आधीपासून आहे: एकल तबलावादनात. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी छोटी धून, अर्धा-अर्धा तास तोच वाजत राहतो. लेहरा कंटाळवाणा आहे अशी तक्रार कोणी करत नाही, कारण तो काळ मोजून देण्यासाठी आहे आणि त्याच्या स्थिरपणामुळेच कायद्याचा पलटा, तिहाईची लांबी, समेवर येण्यातली नेमकी अचूकता कळते, हे श्रोत्याला माहीत असतं. ‘डोपस्मोकर’मध्ये अडचण अशी की लेहरा आणि तबला ही दोन्ही कामं एकच रिफ करते. ती काळही मोजते आणि तीच ऐकायचीही असते. पहिल्यांदा ऐकणारा तिला फक्त लेहरा समजतो आणि मुख्य वादन कधी सुरू होणार याची वाट पाहत बसतो. ते सुरू झालेलंच आहे, हे ध्यानात येताच बाकीच्या गोष्टी जागेवर बसू लागतात. ड्रम्सवरचा आघात रिफच्या किंचित मागे राहतो की तिच्याबरोबर पडतो. बेस हा गिटारला सोबत करतो की तिच्याखाली स्वतःची चाल धरतो. गाणाऱ्याचा एकसुरी उच्चार ओळीच्या कोणत्या टोकाला संपतो. या मापाची सवय झाली, की दहा मिनिटांच्या स्थैर्यानंतर झालेला एका स्वराचा बदल दुसऱ्या गाण्यातल्या अख्ख्या कडव्याइतका मोठा वाटतो, आणि पाइकचा गिटारवरचा स्वैर विस्तार सुरू होतो तेव्हा बांध फुटल्याचा अनुभव येतो. बदलाचं वजन त्याआधीच्या स्थैर्यावर अवलंबून असतं.

इथे पहिला आक्षेप येतो. हा युक्तिवाद मान्य केला, तर कुठलंही रटाळ गाणं थोर ठरवता येईल; नाही आवडलं तर दोष ऐकणाऱ्याचा. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला हेवी मेटलमधलंच उदाहरण घ्यावं. ज्या ‘आयर्न मेडन’ने २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यक्रम केला, त्या बँडने १९९८ साली, ब्लेझ बेली गायक असताना, ‘द एंजल अँड द गॅम्बलर’ हे जवळपास दहा मिनिटांचं गाणं काढलं. त्याचं ध्रुवपद उत्तरार्धात इतक्या वेळा येतं की बँडच्या निष्ठावंत चाहत्यांनीही त्याला आजवर माफ केलेलं नाही. बासिस्ट स्टीव्ह हॅरिसने रचलेली त्याची चाल उत्साही आहे, तिच्यात सत्तरीच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकची मोकळी मस्ती आहे, आणि त्यासाठी ते ऐकावं असं मी म्हणेन. पण त्यातली पुनरावृत्ती वेगळ्या जातीची आहे. लय वेगवान, ध्रुवपद लख्ख आणि पूर्ण, आत उलगडायला फारसं काही नाही. एकेरी गाणं म्हणून काढताना त्याची बरीच छोटी आवृत्तीही केली गेली, आणि त्या काटछाटीत गाण्याचा प्राण जात नाही. ‘डोपस्मोकर’चा अनुभव उलटा आहे. ५२ मिनिटांची आवृत्ती उपलब्ध असताना २००३ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये प्रसिद्ध होऊन टिकली ती ६३ मिनिटांचीच. म्हणजे पुनरावृत्तीची पारख करायला एक कसोटी हाताशी आहे: फेऱ्या कमी करून पाहा. पुढच्या बदलाचं वजन घटत असेल, तर त्या फेऱ्या काम करत होत्या. काहीच घटत नसेल, तर त्या भर म्हणून होत्या.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. माणूस ज्यासाठी कष्ट घेतो ते त्याला मोलाचं वाटू लागतं. एलियट अॅरनसन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ साली एका प्रयोगात काही तरुणींना एका चर्चागटात प्रवेश देण्याआधी अवघड, लाजिरवाण्या परीक्षेतून जायला लावलं. नंतर ऐकवलेली चर्चा मुद्दाम नीरस ठेवली होती, तरी जिची परीक्षा कठीण होती तिला ती अधिक रंजक वाटली. तासाभराचं गाणं वारंवार ऐकलेला श्रोता याच सापळ्यात सापडला नसेल कशावरून? काही श्रोते नक्की सापडत असतील. ‘मला हे झेपतं’ हा अभिमान मेटलच्या जगात कमी नाही. पण कष्टातून आलेली भलामण आणि ऐकण्यातून आलेली जाण यांत ओळखता येण्याजोगा फरक आहे. पहिली फक्त तीव्रता सांगते. दुसरी जागा दाखवते: इथे बेस खाली उतरला, इथे ड्रम्सनी आघातांची मांडणी बदलली, इथे उपस्वरांची गर्दी विरळ झाली. दाखवलेली जागा दुसरा माणूस, अगदी गाणं न आवडणाराही, स्वतःच्या कानाने पडताळू शकतो. शिवाय केवळ कष्टामुळेच प्रेम जडत असतं, तर प्रत्येक लांबलचक, संथ मेटल रचना अशीच पूजली गेली असती. ‘डोपस्मोकर’नंतर तशा रचना पुष्कळ झाल्या आणि त्यातल्या बहुतेकांना श्रोत्यांनी बाजूला ठेवलं. किंकेडच्या चित्रांचं जे झालं तेच त्यांचं झालं.

तिसरा आक्षेप नशेचा. गाण्याचं नाव, शब्द आणि बँडची ख्याती पाहता हे झिंगलेल्यांसाठीचं संगीत आहे, शुद्धीवर असलेल्याने त्याच्या वाटेला का जावं, असं विचारलं जातं. विषय गांजाचा आहे हे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्या व्यसनाचं उदात्तीकरण कोणाला खटकलं तर ते खटकणं योग्यच आहे. पण मघाशी सांगितलेला ३३ हर्ट्झचा षड्ज, उपस्वरांचा उलगडा, स्थैर्यानंतरचा बदल, यांपैकी काहीही कळायला नशेची गरज नाही. गरज आहे ती सावध कानाची आणि बरा आवाज देणाऱ्या यंत्राची. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ३३ हर्ट्झ बाहेरच पडत नाहीत, त्यामुळे तिथे हे गाणं ऐकून नाकारणाऱ्याने निम्मं गाणं ऐकलेलंच नसतं. हे सगळं करूनही एखाद्याला ते आवडणार नाही, आणि तो चुकला असं मी म्हणणार नाही. जाण आली म्हणजे प्रेम जडलंच पाहिजे असा नियम नाही. मात्र जाण येण्याआधीचा नकार आणि नंतरचा नकार यांची किंमत सारखी नसते. पहिला फक्त आपल्या अपेक्षेबद्दल सांगतो, दुसरा गाण्याबद्दल.

हा भेद एका गाण्यापुरता किंवा एका संगीतप्रकारापुरता नाही. १९७३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये स्टीव्ह राइकची ‘फोर ऑर्गन्स’ ही रचना वाजली. चार ऑर्गनवर एकच स्वरसमूह हळूहळू लांबत जातो, सोबतीला फक्त माराकाचा खुळखुळा. प्रेक्षकांनी इतका आरडाओरडा केला की वादकांना एकमेकांचं ऐकू येईना. आज राइक जगातल्या मोठ्या रचनाकारांत गणला जातो आणि ती रचना शांतपणे ऐकली जाते. ध्वनी तोच राहिला. श्रोत्यांना त्यात कुठे लक्ष द्यायचं ते कळलं. ‘डोपस्मोकर’च्या बाबतीतही हेच घडलं. फुटलेला बँड २००९ साली पुन्हा रंगमंचावर आला तोवर या गाण्याभोवती श्रोते जमलेले होते. त्यांतल्या अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकून बाजूला ठेवलं असणार.

म्हणून वादग्रस्त, तेच ते वाजवणाऱ्या गाण्याकडे पुन्हा जाणं म्हणजे स्वतःवर जबरदस्ती करणं नव्हे. ‘यात काय घडतंय’ या प्रश्नाऐवजी ‘मी कुठल्या मापाने घडणं मोजतो आहे’ हा प्रश्न घेऊन जावं लागतं. आपलं नेहमीचं माप तीन-चार मिनिटांच्या गाण्यांनी ठरवलेलं आहे: दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी नवं. ते माप वाईट नाही, पण ते एकमेव नाही, आणि त्याच्याच हाती सगळा निवाडा सोपवला तर संगीताचा मोठा भाग आपल्यासाठी कायम मुका राहील. दुसरं माप कमावता येतं. ते कमावलेला श्रोता ‘डोपस्मोकर’ला डोक्यावर घेईल किंवा खाली ठेवेल, दोन्ही वेळी तो निर्णय त्याने ऐकून केलेला असेल.